चार महिन्यांचं पिल्लू घरात थांबतच नाही: आधी झोपेचा हिशेब लावा

तुमचं कुत्र्याचं पिल्लू चार महिन्यांचं आहे, दिवसभर पळतं, हातापायांना चावतं, कुणी आलं की अंगावर उड्या मारतं आणि संध्याकाळी सातनंतर अंगात आल्यासारखं सोफ्यावर-खाली, सोफ्यावर-खाली सुरू होतं. फिरवणं वाढवलं, बॉल खेळवला, तरी जोर वाढतोच आहे, असं तुम्ही लिहिलंय. यात व्यायाम कमी पडतोय असं मला वाटत नाही. झोप कमी पडतेय, आणि शांत कसं बसायचं हे त्याला अजून कुणी शिकवलेलं नाही.

या वयात पिल्लाला 24 तासांत साधारण 18 तास झोप लागते. त्याहून लहान पिल्लं 20 तासही झोपतात. घरात माणसांची ये-जा, टीव्ही, मुलं असं सगळं चालू असलं की पिल्लू आपणहून उठून झोपायला जात नाही. डोळे मिटतात, भांडं वाजलं की ते परत उठतं. दुपारची झोप मोडलेलं लहान मूल जसं संध्याकाळी ऐकेनासं होतं, तसंच हे. फरक इतकाच की पिल्लाचा वैताग दातांतून बाहेर पडतो. अशा वेळी आपण त्याला अजून पळवतो, म्हणजे आधीच ताणलेल्या जिवाला आणखी चेतवतो. शिवाय रोज जास्त पळवलं की त्याचा दम वाढत जातो आणि पुढच्या आठवड्यात तेवढं पळणं पुरत नाही.

म्हणून आधी दोन दिवस फक्त नोंद ठेवा. कधी उठलं, कधी झोपलं, चावाचावी कधी सुरू झाली. बहुतेक वेळा दिसतं ते असं: जागं होऊन तासभर झाला की चावणं सुरू होतं. तो तास संपायच्या आत त्याला झोपवायचं. एक तास जागं, मग दीड ते दोन तास झोप, हा दिवसाचा ठोकताळा धरा. जागेपणाच्या तासात आधी शू, मग खाणं किंवा पाच मिनिटांची शिकवणी, थोडं खेळणं, शेवटची दहा-पंधरा मिनिटं चघळायला काहीतरी, परत एकदा शू आणि झोप. चघळणं शेवटी ठेवायचं कारण चघळताना आणि चाटताना कुत्र्याचं अंग सैल पडतं. खेळातून थेट झोपेत जाणं त्याला जमत नाही.

झोपेची जागा ठरलेली हवी: क्रेट (दाराचा जाळीदार पिंजरा), प्लेपेन (चारही बाजूंनी घडीचं कुंपण) किंवा बेबी गेट (दारात लावायचं बुटकं फाटक) लावलेला एखादा कोपरा. क्रेट एवढाच मोठा घ्या की त्यात उभं राहता येईल, वळता येईल आणि पाय ताणून झोपता येईल. त्याहून मोठा असला तर एका टोकाला शू आणि दुसऱ्या टोकाला झोप असं होतं. पहिल्या दिवशीच आत घालून दार लावणं ही सगळ्यात नेहमीची चूक. दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून आत त्याच्या कोरड्या खाण्याचे (डॉगफूडचे) दाणे टाका. मग जेवणच आत द्या. मग खाईपर्यंत दार लावा, नंतर एक मिनिट, पाच मिनिटं, असं वाढवत न्या. आत जाताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) काढायचा, जाळीत अडकून फास बसू शकतो. तीन बाजूंनी पातळ कापड टाकलं तर उजेड आणि हालचाल कमी होते, पण हवा खेळती राहिली पाहिजे. दोन-चार मिनिटं कुरकुर करून झोपलं तर ठीक. लाळ गळतेय, धापा टाकतंय, जाळी ओरबाडतंय असं असेल तर ती भीती आहे. तेव्हा बाहेर काढा आणि दोन पायऱ्या मागे जा. शिक्षा म्हणून क्रेट कधीही वापरू नका. दिवसा सलग किती वेळ ठेवायचं याचा अंदाज: वयाचे महिने अधिक एक, इतके तास ही कमाल मर्यादा. ते उद्दिष्ट समजू नका. रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवला तर रडणं बरंच कमी होतं.

आता चावणं. कुत्र्याला दुधाचे 28 दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. म्हणजे तुमचं पिल्लू आत्ता ऐन त्या काळात आहे, हिरड्या शिवशिवतात. त्याला चावायला काही लागणारच. प्रश्न फक्त कशाला चावायचं हा आहे.

चावण्याचा एक प्रसंग नीट पाहा. पिल्लू हात धरतं, आपण ‘आई गं’ करून हात झटकन मागे ओढतो, ते उडी मारून परत पकडतं. त्याच्या दृष्टीने हात हे पळणारं खेळणं झालं. दात लागला की हात जागेवर सैल सोडा, हलवू नका, बोलू नका. पकड सुटली की दुसऱ्या हाताने लांब दोरीचं किंवा कापडाचं खेळणं जमिनीवरून ओढत त्याच्या तोंडासमोर न्या. खेळणं हातभर लांब असावं, आखूड खेळण्यात बोटं सापडतात. त्यावरही तिसऱ्यांदा हाताकडेच आलं तर तुम्ही उठा, बेबी गेटच्या पलीकडे जा, वीस-तीस सेकंद थांबा आणि शांतपणे परत या. त्याहून जास्त वेळ गेलात तर कशामुळे गेलात हे त्याला जुळवता येत नाही. दोनदा गेट ओलांडावं लागलं तर ते बहुधा झोपेला आलेलं आहे. तेव्हा शिकवणं सोडा आणि झोपवा.

मोठ्याने कळवळून ओरडायचा सल्ला सर्रास दिला जातो. काही पिल्लं त्याने थबकतात, पण बरीच उलट जास्त चेकाळतात. तुमचं चेकाळत असेल तर लगेच बंद करा. जबडा दाबून धरणं, नाकावर टिचकी, उताणं करून दाबणं, यातलं काहीही करू नका. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की तोंडाजवळ येणारा हात धोक्याचा असतो. पुढे कान साफ करताना, गोळी देताना, नखं कापताना तोच हात त्याला नको होतो.

घोट्यांना चावत असेल तर चालणं थांबवा. घरात असताना हार्नेसला दीड-दोन मीटरची हलकी दोरी लावून ठेवा, टोकाला फास नको. मग सोफ्यावरून उतरवायला किंवा मुलांपासून दूर न्यायला अंगाला हात घालावा लागत नाही. लक्ष ठेवायला कुणी असेल तेव्हाच ही दोरी लावायची. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला पाहिजे. एक जण हाताने मस्ती करतोय आणि बाकीचे थांबवतायत, असं असेल तर महिनोन्‌महिने फरक पडणार नाही. अजून एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: लक्ष देणं बंद केलं की चावणं आणि उड्या आधी काही दिवस वाढतात, कारण आजवर चाललेला उपाय ते जास्त जोराने करून बघतं. नेमकं इथे घरचे हार मानतात आणि पिल्लाला कळतं की जोर लावला की काम होतं.

चघळायला काय द्यायचं? पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेले दाणे दाबून भरा आणि फ्रीजरमध्ये गोठवा. सुती कापड ओलं करून पिळून गोठवलं तरी हिरड्यांना बरं वाटतं, पण ते समोर बसूनच द्या, तुकडे गिळले जातात. वस्तू किती कडक असावी याची सोपी परीक्षा म्हणजे अंगठ्याचं नख दाबलं तर खूण उमटली पाहिजे. नाहीतर दात तुटू शकतो. शिजवलेलं हाड अजिबात नको, त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. खेळण्यात पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा. ते कुत्र्यांना विषारी आहे. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदाही नको.

शांत बसणं शिकवावं लागतं, हे फार कमी लोक गंभीरपणे घेतात. पिल्लू दंगा करतं तेव्हा सगळं घर त्याच्याकडे बघतं आणि निमूट पडलेलं असतं तेव्हा कुणी फिरकत नाही. हे उलटं करा. त्याच्या रोजच्या जेवणातले मूठभर दाणे खिशात ठेवा. ते स्वतःहून आडवं झालेलं दिसलं की काही न बोलता जवळ जा, पुढच्या दोन पंजांच्या मधे एक दाणा ठेवा आणि निघून जा. ‘शाब्बास!’ करून डोकं कुरवाळलंत तर ते उठणार. दाणा खाली, पंजांच्या मधेच ठेवायचा. वरून दिलात तर मान वर जाते आणि मागोमाग सगळं अंग उठतं.

याच्या जोडीला मॅटवरची शिकवणी. दिवसातून दोनदा, प्रत्येकी तीन मिनिटं, दहा-बारा दाणे. मॅट पसरा आणि त्यावर पाय पडला की दाणा मॅटवरच ठेवा. बसलं की दाणा, आडवं झालं की दोन-तीन दाणे एकामागोमाग. मग दोन दाण्यांमधलं अंतर वाढवा: दोन सेकंद, पाच, दहा. पाहायचं काय, तर मागचा भाग एका कुशीवर कललाय का, हनुवटी खाली टेकलीय का, श्वास लांबलाय का. नुसतं ताठ आडवं होऊन तुमच्या हाताकडे टक लावून बघतंय तर ते अजून कामावर आहे, विसावलेलं नाही. हे जमलं की तुम्ही उभे राहा, एक पाऊल मागे जा, परत या, दाणा द्या. मधेच उठलं तर रागावू नका. पायरी मोठी झाली, ती लहान करा. शिकवणी संपली की मॅट उचलून ठेवा.

उड्यांसाठी नियम सोपा: चारही पाय जमिनीवर असतील तरच लक्ष. पाहुणे यायच्या आधी पट्टा लावा आणि ते आत येताच उडी मारण्याच्या आधी मूठभर दाणे जमिनीवर पसरा. नाक खाली गेलं की उडी होत नाही. गुडघा छातीत मारण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

व्यायाम बंद करा असं मी म्हणत नाही, त्याची जात बदला. सारखा बॉल फेकणं म्हणजे धावणं, करकचून थांबणं आणि वळणं. वाढत्या हाडांच्या टोकाच्या कूर्चा अजून पक्क्या झालेल्या नसतात. लहान जातींत त्या वर्षाच्या आत पक्क्या होतात, अवजड जातींत दीड वर्षही लागतं. त्याऐवजी दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं सैल पट्ट्यावर फिरवा आणि हवं तिथे हुंगू द्या. एका झाडाशी तीन मिनिटं गेली तरी चालतील. घरात दाणे चोळामोळा केलेल्या कागदांच्या खोक्यात लपवा. दहा मिनिटं नाकाने शोधून पिल्लू जेवढं निवतं तेवढं बॉलने निवत नाही. लसी पूर्ण झाल्या नसतील तर बाहेर कुठे उतरवायचं हे पशुवैद्यांना विचारूनच ठरवा.

संध्याकाळच्या झूमीजची, म्हणजे त्या अंगात आल्यासारख्या धावपळीची, तयारी दुपारपासून करायची. सातला सुरू होत असेल तर पाच ते साडेसहा झोप झालीच पाहिजे, आणि उठल्यावर शू झाली की गोठवलेलं खेळणं तयार ठेवा. तरीही सुरू झालंच तर मागे पळू नका, धरू नका. गुळगुळीत फरशीवरून सतरंजीवर किंवा गालिच्यावर येईल असे दाणे पसरा. खाली वाकून वेचायला लागलं की वेग आपोआप उतरतो. मग शूला नेऊन झोपवा.

हे सगळं करूनही पंधरवड्यात काहीच फरक पडला नाही, किंवा सारखं खाजवतंय, पोट बिघडलंय, थोडी-थोडी शू वारंवार होतेय असं असेल तर पशुवैद्यांकडे जा. जंत, त्वचेचा त्रास, लघवीचा संसर्ग यांतही पिल्लू अस्वस्थ राहतं. आणि भांड्याजवळ किंवा खेळण्याजवळ गेल्यावर ते अंग ताठ करून गोठतं, डोळे रोखून गुरगुरतं, असं दिसलं तर ती मस्ती नव्हे. वस्तू हिसकावू नका आणि गुरगुरण्याला शिक्षा करू नका, ती त्याची पूर्वसूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता चावेल. मागे सरका, लांबून काहीतरी जास्त चांगलं टाका आणि शिक्षा न करता शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला प्रत्यक्ष दाखवा.