‘आव्हेक इल’ का चुकतं?

प्रश्न : फ्रेंचमध्ये ‘त्याच्याबरोबर’साठी ‘आव्हेक इल’ लिहिलं, तर शिक्षकांनी काट मारली. का?

उत्तर : ‘इल’ फक्त कर्ता म्हणून चालतो. मराठीत तरी ‘तोबरोबर’ कुठे म्हणतो आपण? आव्हेक (बरोबर), पूर (साठी), सां (शिवाय), शे (च्या घरी) यांच्यानंतर झ (मी), त्यु (तू), इल (तो) यांच्याऐवजी म्वा, त्वा, ल्युई येतात. एल (ती), नू (आम्ही), व्हू (तुम्ही) तशीच राहतात. अनेकवचनी पुल्लिंगी ‘इल’चं रूप मात्र वेगळंच : ‘ए’ म्हणताना ओठ गोल करा, तो उच्चार.

खरी गोची ‘आ’ची (म्हणजे ‘ला’, ‘शी’). ‘त्याच्याशी बोलतो’ म्हणजे ‘झ ल्युई पार्ल’. इथे ‘आ’ गळतो, सर्वनाम क्रियापदाआधी जातं. पण ‘त्याचा विचार करतो’ म्हणजे ‘झ पाँस आ ल्युई’. ‘आ’ असा टिकवणारी क्रियापदं थोडीच आहेत, ती पाठच करावीत. विचार माणसाचा नसून परीक्षेसारख्या गोष्टीचा असेल, तर ‘आ ल्युई’ऐवजी क्रियापदाआधी ‘इ’ येतो : ‘झि पाँस’.