२७ इंचांच्या जागेत वॉशिंग मशीनवर ड्रायर बसेल का? सोलापुरात कोणता घ्यावा?

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, वर लगेच गच्ची आणि टाकी, बाथरूमबाहेर धुण्याची २७ इंच रुंद जागा, आणि तिथं फ्रंट लोड मशीनच्या डोक्यावर ड्रायर चढवायचाय, असं तुम्ही विचारलंय. बसेल. पण दुकानात जायच्या आधी टेप आणि बादली घेऊन त्या जागेत अर्धा तास घालवा. मशीन निवडणं सोपं असतं, घोडं अडतं ते नळापाशी.

पूर्ण आकाराचं मशीन आणि ड्रायर दोन्ही ६० सेंमी रुंद असतात. २७ इंच म्हणजे साडेअडुसष्ट सेंमी, म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार सेंमी सुटतात. पुरेसं आहे. मागं पाइप आणि प्लगसाठी ८ ते १० सेंमी धरा, नाहीतर पाइप दबून मुरडतो. उंची ८५ अधिक ८५ आणि मधल्या स्टॅकिंग किटचे (ड्रायर मशीनवर पक्का बसवणाऱ्या जोडणीचे) एक-दोन सेंमी. ओढायचा ट्रे असलेलं किट घेतलं तर आणखी वाढते. वर गीझर किंवा माळा असेल तर पावणेसहा फुटांच्या वर किती मोकळं राहतं ते बघाच.

ड्रायरची बटणं साडेपाच फुटांच्या आसपास येतात. घरात धुणं बघणारी व्यक्ती पाच फुटांची असेल तर तिला रोज टाचा उंचावाव्या लागतील. कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायर ओली हवा बाहेर सोडत नाहीत, त्यामुळं कपड्यांतलं पाणी बहुधा वरच्या कोपऱ्यातल्या खणात साठतं. भरलेला खण चार-पाच किलोचा होतो आणि तो डोक्याच्या उंचीवरून खाली काढायचा असतो. म्हणून ड्रायरचं पाणी नळीनं थेट ड्रेनमध्ये सोडता येईल असंच मॉडेल घ्या. (हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात कपड्यांचे तंतू आणि साबण असतो.)

आता नळ. एकट्या मशीनसाठी नळ भिंतीत मागं असला तरी वाकून हात पोचतो. दोन यंत्रं एकावर एक चढली की तो नळ कायमचा झाकला जातो आणि पाइप फुटला तर पाणी बंद करायला हात घालायला जागा उरत नाही. प्लंबरकडून अँगल कॉक बाजूच्या भिंतीवर, हाताशी घ्या. प्लगचंही तेच.

पाण्याचा दाब तुमच्या घरात सगळ्यात नाजूक आहे. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. तुम्ही टाकीच्या थेट खाली, म्हणजे टाकीच्या तळापासून मशीनपर्यंत फार तर तीन मीटर, म्हणजे ०.३ बार. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना कमीत कमी ०.३ ते ०.५ बार लागतो. कमी पडला की मशीन पाणी घेत राहतं, ठरलेल्या वेळेत भरलं नाही की एरर देऊन थांबतं, आणि लोक मशीनला दोष देतात. त्याच नळाखाली १० लिटरची बादली लावा. मिनिटभरात भरली तर काळजी नाही. दोन मिनिटं लागली तर टाकीनंतरच्या लाइनवर छोटा प्रेशर पंप लागेल. फ्लो स्विचवाला, म्हणजे पाणी वाहू लागलं की चालू होणारा पंप घेताना जपून, कारण दाब फारच कमी असेल तर तो स्विच उचलतच नाही. प्रेशर स्विचवाला, म्हणजे दाब घटला की चालू होणारा बरा. पंप टाकीच्या पुढंच लावायचा, पालिकेच्या नळाला थेट मोटर लावायची नाही.

आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, मग टाकी तळाला गेली की गाळ खाली उतरतो. मशीनच्या इनलेटवर बारीक जाळी असते, ती महिन्यातून एकदा नळ बंद करून पकडीनं बाहेर ओढा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. पाणी येत नाही या तक्रारींतल्या कितीतरी या जाळीपाशीच संपतात. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर हीटरवर क्षार बसतो. दोन-तीन महिन्यांनी डिस्केलिंग पावडर टाकून रिकामं गरम चक्र चालवा.

ड्रायर कोणता? सोलापूरच्या उन्हाळ्यात दोरीवर तासाभरात कपडे वाळतात, तेव्हा ड्रायरचं खरं काम जुलै ते सप्टेंबर. माझं मत हीट पंपाच्या बाजूनं आहे. ८ किलोच्या पूर्ण भाराला तो दीड-दोन युनिट घेतो, साधा व्हेंटेड (ओली हवा पाइपनं बाहेर सोडणारा) किंवा कंडेन्सर चार-साडेचार. हीट पंपाची एक अट आहे. बहुतेक कंपन्या भोवतीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं लिहितात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा दार लावलेल्या कोंदट कपाटात तो धापा टाकतो, वेळ दुप्पट लागतो, कधी मध्येच थांबतो. तेव्हा समोरची जाळी आणि खोलीची खिडकी मोकळी ठेवा. व्हेंटेड स्वस्त पडतो, पण त्याला बाहेरच्या भिंतीत ४ इंची भोक लागतं आणि पाइप जितका लांब आणि वळणांचा तितका तंतू साचतो. एकाच यंत्रात धुणं-वाळवणं करणारं कॉम्बो मी सुचवणार नाही: ८ किलो धुतं पण वाळवतं ५ किलो, आणि त्यातली बरीच मॉडेल्स वाळवतानाही पाणी खर्च करतात.

दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची घ्या आणि किट त्या जोडीचंच मागा. किटशिवाय ड्रायर नुसता वर ठेवू नका, १४०० फेऱ्यांच्या स्पिनला तो सरकत पुढं येतो. ड्रायर नेहमी वर, टॉप लोड मशीनवर कधीच नाही.

वीज: मशीनचा हीटर २००० वॅट, साधा ड्रायर २००० ते २५००. दोघांना वेगवेगळे १६ अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला २.५ चौरस मिमी तांब्याची वायर आणि स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), वर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). एक्सटेन्शन बोर्ड नको. वीजबिलावरचा मंजूर भारही एकदा बघा.

बसवताना क्रम चुकवू नका. आधी मशीनच्या पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढा, बहुधा चार असतात. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन नाचतं. बोल्ट पिशवीत घालून ठेवा, घर बदलताना लागतील. फरशी नाण्यानं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळ आहे, ती फरशी उचलून माल भरून घ्या. मोरीच्या बाजूला उतार असतोच, म्हणून पाणसळ लावून पाय फिरवा आणि चारही पायांची नटं वरच्या दिशेनं घट्ट आवळा. मऊ रबरी पॅड घालू नका, दोन मजली ओझं त्यावर डुलतं. ड्रेनचा पाइप ६० ते ९० सेंमी उंचीवर अडकवा. खाली टाकला तर घेतलेलं पाणी आपसूक वाहून जातं. मग रिकामं स्पिन करून थरथर तपासा, आणि त्यानंतरच ड्रायर चढवा. तो ५० किलोच्या आसपास असतो, दोघं-तिघं लागतात. हीट पंपाचा ड्रायर उभा आणलेला असला तरी दोन तास थांबा, आडवा आणला असेल तर रात्रभर, कारण कंप्रेसरमधलं तेल खाली बसावं लागतं.

सोलापुरी चादर एकटी धुवू नका, एका बाजूला गोळा होऊन स्पिन अडतं. सोबत दोन टॉवेल टाका. ड्रायरमध्ये तीच चादर स्वतःभोवती गुंडाळते, बाहेरून वाळते, आत ओली राहते आणि सेन्सर फसतो. एकावेळी एकच चादर, सेन्सरऐवजी टायमर, मध्ये एकदा उलगडून. रेशमी साड्या आणि तेलाचे फडके आत नकोत. फडके धुतल्यावरही त्यात तेल राहतं आणि गरम गठ्ठ्यात ते पेटू शकतं. तंतूंची जाळी मात्र प्रत्येक वेळी साफ करायची.