ध्रुवीय समुद्राचा तळ वर्गात कसा शिकवावा?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेतील सहावीच्या मुलांनी समुद्रच पाहिलेला नाही. त्यांना ध्रुवीय समुद्राचा तळ आणि तेथील जीवसृष्टी कशी समजावून द्यावी? – एक शिक्षिका

उत्तर : ही अडचण मानू नका, अंटार्क्टिकाच्या बर्फाखालचा तळ मुंबईच्या मुलांनीही पाहिलेला नसतो. सुरुवात प्रयोगाने करावी. बर्फगोळेवाल्याकडून बर्फाचा चुरा आणून त्यात जाडे मीठ मिसळावे आणि तापमापी ठेवावी. पारा शून्याखाली उतरला तरी भांड्यातील खारट पाणी गोठत नाही, हे मुलांना दिसेल. समुद्राचे पाणीही याच कारणाने उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. मात्र माशांचे रक्त त्याहून कमी खारट असते. मग ते आधीच का गोठत नाही, हा प्रश्न मुलांसमोर ठेवावा व उत्तराची घाई करू नये. अंटार्क्टिक माशांच्या रक्तातील विशिष्ट प्रथिने बर्फाच्या सूक्ष्म स्फटिकांना चिकटून त्यांची वाढ रोखतात. तेथील बर्फमासे या माशांच्या रक्तात तर प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच नसते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळत असल्याने त्यांचे त्यावाचून निभते.

संशोधनाचे उदाहरण म्हणून २०२१ मधील शोध सांगावा. अंटार्क्टिकालगतच्या वेडेल समुद्रात ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजामागून ओढत नेलेल्या कॅमेऱ्यांना सुमारे ५०० मीटर खोलीवर बर्फमाशांची घरटी दिसली. या घरट्यांची संख्या सुमारे ६ कोटी असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला. प्रत्येक घरटे साधारण पाऊण मीटर रुंद असते. तेवढी वर्तुळे शाळेच्या अंगणात चुन्याने आखून घ्यावीत आणि थोड्या जागेतील मोजणीवरून एवढा मोठा अंदाज कसा बांधतात, ते मुलांकडूनच करवून घ्यावे. पेंग्विनचे चित्र पुस्तकात असतेच, त्यावर वेळ घालवू नये.