दरमहा आपोआप पैसे कापणाऱ्या कंपनीकडे माझा कार्ड नंबर साठवलेला असतो का? टोकनमुळे तो सुरक्षित कसा राहतो?

व्यवस्था नीट असेल तर नसतो. पहिल्यांदा कार्ड टाकता तेव्हा नंबर पेमेंट गेटवेकडे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या मध्यस्थ सेवेकडे) किंवा व्हिसा, मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे जातो आणि कंपनीला मिळतं फक्त टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा पर्यायी नंबर. पुढच्या महिन्यापासून ती हे टोकन आणि रक्कम पाठवते. टोकनमागचं खरं कार्ड कोणतं, हे तिकडच्या बंदिस्त तिजोरीतच कळतं.

एन्क्रिप्शन, म्हणजे नंबर किल्लीने सांकेतिक रूपात बदलणं, वेगळं: तिथे किल्ली चोरीला गेली की नंबर उलगडतो. टोकनमधून गणित करून नंबर काढताच येत नाही. शिवाय टोकन सहसा त्याच व्यापाऱ्याशी बांधलेलं असतं. त्यामुळे कंपनीचा डेटाबेस फुटला तरी चोराला दुसरीकडे खरेदी करता येत नाही. सीव्हीव्ही (कार्डावरचा सुरक्षा कोड) तर व्यवहार मंजूर झाल्यावर व्यापाऱ्याने साठवायचाच नाही, असा पीसीआय डीएसएसचा, म्हणजे कार्ड माहितीच्या सुरक्षेच्या मानकाचा, नियम आहे.

नेटवर्क टोकनचा, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्डसारख्या नेटवर्कने दिलेल्या टोकनचा, मला सर्वांत आवडणारा फायदा म्हणजे कार्ड बदलून नवं आलं तरी बँक तेच टोकन नव्या कार्डाला जोडू शकते, सबस्क्रिप्शन अडत नाही.

मात्र कंपनी गेटवेला व्यवहार पाठवताना वापरते ती गुप्त किल्ली चोरीला गेली, तर तिच्याच खात्यातून खोटे व्यवहार होऊ शकतात. म्हणून कंपनीने ती किल्ली आपल्या प्रोग्रामच्या कोडमध्ये लिहून ठेवू नये.