मेळघाटातल्या नव्या बाईंना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

धारणी तालुक्यातली शाळा मिळाली म्हणून फोनवर रडलीस, त्याचं काही नाही. मीही रडलो होतो. पण "पोरं नुसती बघत बसतात, ढ आहेत" म्हणालीस ना, ते पुन्हा म्हणू नकोस.

ती कोरकू आदिवासींची पोरं आहेत आणि त्यांची कोरकू ही मराठीची बोली नव्हे. वऱ्हाडीसारखा कान लावला की कळेल, असं होणार नाही. तिचं गोत झारखंडाकडच्या संथाली-मुंडारी भाषांचं. २०११च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांच्या वर होते, बरेचसे पलीकडे मध्य प्रदेशात. घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि मराठी थेट तुझ्या पुस्तकात.

एखादं पोर "बाई आला" म्हणेल. हसू नकोस. कोरकूत क्रियापद बाई-पुरुष पाहून बदलत नाही. तिथे भेद सजीव-निर्जीवाचा. दगड तो, माती ती आणि ढेकूळ ते का, हे तुला तरी सांगता येईल का? उलट 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कोरकूत आहे. हिंदीवाल्याला तो समजवावा लागतो, या पोरांना नाही. तिथून सुरुवात कर.

माझं एक सांगतो. कोरकूत बारी म्हणजे दोन. मला पत्ता नव्हता. फळ्यावर १२ लिहून मी "बारा, बारा" ओरडत होतो आणि पहिलीतला एक मुलगा निमूट दोन बोटं दाखवत होता. मी त्याला छडी दाखवली. ती दोन बोटं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

वही घाल. डा पाणी, उरा घर, कुला वाघ. पुढचे शब्द खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचार. उच्चारही त्यांच्याकडूनच घटवून घे. शिक्षणहक्क कायद्यात 'शक्यतो मातृभाषेतून' असं लिहिलंय. ते 'शक्यतो' शेवटी तुझ्याच गळ्यात पडतं.

आणि हो, वर्गात गवळ्यांची पोरं असली तर मराठी कळत असल्याने भराभर उत्तरं तीच देतील. त्यांच्या जोरावर तास पुढे रेटू नकोस.

होळीला घरी पळू नकोस. कोरकूंचा तो मोठा सण, कामाला बाहेर गेलेले आईबाप तेव्हा गावात परततात. फगवा मागायला पोरं तुझ्या दारी येतील. सुट्टे पैसे जवळ ठेव.

तुझे,
गुरुजी