शाकाहारी माणसाने परदेशात स्थानिक जेवण खावं का? माझा इथिओपियाचा अनुभव

तुम्ही विचारलंय की मी शाकाहारी आहे, परदेशात सोबत मेतकूट-थेपले न्यावेत की तिथलंच खावं, आणि खाण्यातून संस्कृती कळते असं लोक म्हणतात ते खरं का. मी पण शाकाहारी, मूळचा इचलकरंजीचा, लूम बसवायच्या कामासाठी सहा आठवडे अदिस अबाबाजवळ होतो, त्यामुळे तेवढ्या अनुभवावरूनच सांगतो.

पहिला आठवडा मी काहीच खाल्लं नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी हॉटेलात ब्रेड-जॅम, रात्री खोलीवर राइस कुकरमध्ये भात आणि मेतकूट. आफ्रिकेत म्हणजे सगळं मांसाहारीच असणार हे मी घरूनच ठरवून गेलो होतो. शुक्रवारी आमचा एक ऑपरेटर म्हणाला, आज त्सोम आहे, चल कॅन्टीनला, आज तुला सगळं चालेल. त्सोम म्हणजे उपास. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा बुधवार आणि शुक्रवार उपास असतो, ईस्टरच्या आधीचा मोठा उपास तर 55 दिवसांचा, आणि त्यात मांस, अंडी, दूध, तूप काही म्हणजे काही चालत नाही. बरेच जण दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत.

मग समोर आलं ते बेयायनेतू. मोठ्या परातीत इंजेरा पसरलेला आणि त्याच्यावरच मसूर, पिवळी डाळ, कोबी-गाजर, बीट, पालेभाजी असे छोटे छोटे ढीग. वेगळं ताट नाही, इंजेरा हेच ताट. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या धान्याची मोठी आंबोळी समजा, दाणा राजगिऱ्याहून बारीक, पीठ दोन-तीन दिवस आंबवतात त्यामुळे आपल्या आंबोळीपेक्षा चांगलाच आंबट. एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते, त्या भोकांना ते डोळे म्हणतात आणि डोळे नीट पडले नाहीत तर करणारीला वाईट वाटतं, अगदी आपल्याकडे पोळी फुगली नाही की वाटतं तसं. आणि मधल्या वाटीत रटरटत असलेलं शिरो. पहिला घास घेतला आणि मी थांबलोच, कारण हे पिठलं होतं हो. हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, फक्त तिखटाच्या जागी त्यांचा बरबरे मसाला. शिळ्या इंजेऱ्याचे तुकडे मसाल्यात परतून सकाळी खातात त्याला फिरफिर म्हणतात, म्हणजे आपली फोडणीची पोळीच.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुढच्या रविवारी त्या ऑपरेटरच्या घरी मिळालं. सगळे एकाच परातीत जेवत होतो, उजव्या हाताने, आणि त्याच्या आईने इंजेऱ्यात भाजी गुंडाळून घास सरळ माझ्या तोंडासमोर धरला. मी संकोचून हात जोडले, नको म्हटलं. ती काही बोलली नाही पण चेहरा उतरला तिचा. मुलाने मग हळूच सांगितलं, याला गुर्शा म्हणतात, पाहुण्याला मायेने भरवतात, नाही म्हणू नये. मला इतकं वाईट वाटलं, कारण घास भरवणं म्हणजे काय हे मला कोणी शिकवायची गरज होती का? मी स्वतःहून तोंड पुढे केलं. मग एकावर कुठे थांबतात, अजून भरवले.

जेवणानंतर बुना, म्हणजे कॉफी. जमिनीवर हिरवं गवत अंथरलेलं, धूप लावलेला, कच्च्या बिया समोरच भाजायच्या, मग तो तवा प्रत्येकासमोर फिरवतात आणि आपण धूर हाताने ओढून वास घ्यायचा. जबेना नावाच्या मातीच्या किटलीतून तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना, बरका, आणि पहिल्या फेरीनंतर उठून जाणं बरं दिसत नाही. तास-दीड तास गेला. त्याचे वडील तेव्हा बोलायला लागले, त्यांना शाळेत गणित शिकवायला इंडियन मास्तर होते म्हणाले (तिथल्या जुन्या पिढीला हे हमखास आठवतं, आपले खूप शिक्षक गेले होते तिकडे). आईने विचारलं तुमच्यात उपासाला काय खातात? मी म्हटलं साबुदाणा, शेंगदाणे, दूध, पण डाळ नाही. ती मुलाकडे बघायला लागली, दूध चालतं? मग उपास कसला? आणि माझ्या डोक्यात नेमकं उलटं, की डाळ खाऊन उपास कसा होतो! त्यावर अर्धा तास बोललो आम्ही, मुलगा बिचारा दोन्हीकडचं भाषांतर करत होता. हॉटेलात एकटा बसून तीच डाळ खाल्ली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. बुधवार-शुक्रवार तुमची काळजी मिटली, इतर दिवशी "त्सोम" जेवण आहे का विचारा. ईस्टरनंतरचे 50 दिवस मात्र बुधवार-शुक्रवारचाही उपास नसतो तेव्हा जरा शोधावं लागतं. आणि बोझेना शिरोत मांस असतं, नुसतं शिरो म्हणून मागवण्याआधी विचारून घ्या.

मेतकूट जरूर न्या. उरलेली पुडी मी निघताना त्या आईला दिली, तिने चिमूटभर हातावर घेऊन हुंगलं आणि लगेच म्हणाली, अबिश! म्हणजे मेथी, त्यांच्या मसाल्यातही असते. मग तसंच शिरोच्या भांड्यात टाकलं आणि पहिला घास मला भरवला.