यादी वर्डमध्ये दुरुस्त करू नका

प्रश्न : ताई, मी एम.ए.चा लघुप्रबंध लिहिते आहे. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवून यादी करून देणारं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. पण जागतिक आरोग्य संघटनेचा इंग्रजी अहवाल यादीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असा उमटतो. वर्डमध्ये दुरुस्त केला, तरी पुढचा संदर्भ टाकला की पुन्हा ये रे माझ्या मागल्या! मराठी पुस्तकांची माहिती आपोआप येत नाही. झोटेरोच्या सर्व्हरवर फुकट मिळणारी जागाही भरत आली. त्यापेक्षा सरळ हाताने यादी करू का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अजिबात नको. ग्रंथालयाच्या टेबलावर बसून अशा याद्या रोज तपासते, म्हणून सांगते: तुमचं सॉफ्टवेअर बरोबर चाललंय, नोंद चुकली आहे.

झोटेरोत लेखकासाठी आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. तुमच्या नोंदीत ‘ऑर्गनायझेशन’ आडनावाच्या रकान्यात बसलंय आणि उरलेल्या दोन शब्दांची आद्याक्षरं झाली आहेत. बिचाऱ्या संघटनेला आडनाव कुठून असणार? लेखकाच्या ओळीतच एक छोटं बटण आहे. ते दाबलं की दोन रकान्यांचा एक होतो. तिथे संस्थेचं पूर्ण नाव लिहा आणि वर्डमध्ये येऊन ‘रिफ्रेश’ करा. वर्डमधली यादी दर वेळी मूळ नोंदींवरून नव्याने तयार होते, त्यामुळे तिथे केलेली दुरुस्ती टिकत नाही. पान क्रमांकही कंसात हाताने घुसडू नका, संदर्भ टाकतानाच्या चौकटीत त्याची सोय आहे.

इंग्रजी लेखांची शीर्षकंही बघून घ्या. प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होत असेल, तर एपीए या संदर्भ लिहिण्याच्या शैलीत ते चालत नाही. शीर्षकावर राइट क्लिक करून ‘सेंटेन्स केस’ (वाक्यासारखं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल) करा, मग विशेषनामं तेवढी नीट करा. विशेषनाम कुठलं हे सॉफ्टवेअरला खात्रीने कळत नाही.

मराठी पुस्तकांचं म्हणाल, तर स्कॅन केलेलं पान झोटेरोच्या लेखी नुसतं चित्र असतं, त्यातून ते काय वाचणार? आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक) घालून पाहा; पण कित्येकदा हाती काही लागत नाही, किंवा नाव रोमन लिपीत येतं. पुस्तक समोर घ्या, मुखपृष्ठ नव्हे तर आतलं शीर्षकपान आणि त्यामागचं पान उघडा आणि नोंद स्वतः करा. आवृत्ती, अनुवादक, संपादक तिथेच सापडतात. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे.

जागेची काळजी सोडा. ३०० एमबीची मर्यादा सर्व्हरवर चढणाऱ्या पीडीएफसारख्या फाइलींना आहे, नोंदींना नाही. सेटिंग्जमध्ये फाइलींचं सिंक (म्हणजे सर्व्हरवर आपोआप चढणं) बंद ठेवा आणि पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मेंडेली या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त जागा मिळते, पण लेखन अर्ध्यावर असताना गाडी बदलू नये.

विभागाला मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या वेगळ्या याद्या लागत असतील, तर झोटेरो एका फाइलीत तशा दोन याद्या करून देत नाही. हे काम शेवटी ठेवा. मार्गदर्शकांच्या सगळ्या दुरुस्त्या झाल्या की फाइलीची प्रत काढा, त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ दाबा, म्हणजे तिचा झोटेरोशी संबंध तुटेल, आणि मग यादी खुशाल हाताने तोडा-जोडा. मूळ फाइलीत मात्र ते बटण दाबू नका. तोंडी परीक्षेनंतर दुरुस्त्या निघाल्या, तर तीच लागेल.